वडके सर आणि चौथं प्रकरण

वडके सरांना कुजबुजता येत नसे. हा दोष त्यांनी कधी लपवला नाही, आणि लपवायचा म्हटला तरी तो लपण्यासारखा नव्हता. अर्थशास्त्र विभागात ते कुणाला "जरा खासगी बोलायचंय" म्हणाले, की मधल्या प्लायवूडच्या भिंतीपलीकडे, आमच्या तत्त्वज्ञान विभागात, आम्ही खडू खाली ठेवून ऐकत असू. आमच्याकडे विद्यार्थी कमी आणि वेळ भरपूर. त्यामुळे सरांच्या खासगी गोष्टींची मला बऱ्यापैकी माहिती आहे.

पुण्यात आता विद्यापीठांना तोटा नाही, तेव्हा आमचं कोणतं हे सांगायची गरज नाही. काळ सांगतो. पेजर येऊन गेले होते, मोबाइल खिशापेक्षा मोठे होते, आणि शहराच्या कडेच्या शेतांत ज्वारीऐवजी काचेच्या इमारती उगवू लागल्या होत्या. ज्याच्या त्याच्या तोंडी 'आयटी' होतं. त्याचं पूर्ण रूप बहुतेकांना ठाऊक नव्हतं, पण आदर पूर्ण होता.

दत्तात्रय वडके यांचा जन्म कसबा पेठेतल्या तांबट आळीतला. घरोघर हंडे, बंब, पराती ठोकल्या जायच्या, आणि त्या ठोक्यांवरून माणसं एकमेकांशी बोलायची. "आमच्यात आईकडे मीठ मागायचं तरी ओरडावं लागे," सर सांगत. "हळू बोलणारा पोरगा उपाशीच राहिला असता." पुढे स्टेनलेस स्टील आलं, गीझर आले, आळीतल्या बऱ्याच हातोड्या थांबल्या. सरांचा आवाज मात्र तेवढाच राहिला. बाकी माणूस दिसायला किरकोळ. ठेंगणी मूर्ती, जाड भुवया, पांढरा बुशशर्ट, आणि खिशात फुटाणे. ते कुणाला न विचारता तुमच्या हातावर ठेवले जात, मग तुम्ही कुलगुरू असा की शिपाई.

असा माणूस विद्यापीठात इतकी वर्षं टिकला याचं मला आश्चर्य वाटे. विद्यापीठात ठराव सभेत होतात आणि निर्णय जिन्यात. कुणाची नेमणूक, कुणाला बढती, कोणता विषय 'सध्या नको', हे सगळं कानाशी सांगायचं असतं. वडके सरांच्या कानाशी कुणी गेलं, की ते एक पाऊल मागे घेत आणि विचारत, "काय म्हणालात? कुलसचिवांना नकोय? का नकोय?" मग कॉरिडॉरमधली दोन-चार दारं हळूच किलकिली होत. बरं, तक्रार करायची सोय नव्हती. त्यांनी काहीच फोडलेलं नसे. नेहमीच्या आवाजात फक्त प्रतिप्रश्न केलेला असे.

ग्रंथालयानं त्यांच्यापुरता तोडगा काढला होता. नियतकालिकांच्या गोदामात त्यांना एक टेबल, एक खुर्ची आणि एक दिवा देण्यात आला. खरं तर ती हद्दपारी होती. सर मात्र भेटेल त्याला सांगत, "मला स्वतंत्र खोली दिलीये."

त्यांचं एक वाक्य विभागात प्रसिद्ध होतं: "पान सांगा." एखादा विद्यार्थी म्हणाला की अमक्या पुस्तकात सगळा प्रचार आहे, तर सर विचारत, "पान सांगा." एखादा सहकारी म्हणाला की तमक्याचा लेख फार थोर आहे, तरी तेच. स्तुतीलासुद्धा पुरावा मागणारा माणूस पुण्यातही विरळाच. इथे निंदेला पुरावा मागायची चाल आहे, पण तो द्यायची नाही.

विभागात पहिला संगणक आला तेव्हाची गोष्ट. त्याच्यासाठी वातानुकूलित खोली झाली, पडदे लागले आणि दारावर पाटी आली: 'पादत्राणे बाहेर काढावीत.' उद्घाटनाला पाहुणे आले, समई लागली, यंत्राला हार घातला गेला. हार जरा लांब झाला आणि पडद्यावर उतरला, त्यामुळे नेमकं काय दिसतंय ते कुणालाच दिसेना. सर्वांनी शांतपणे माना डोलावल्या. सर मोजे सावरत मागे उभे होते. ते म्हणाले, "इथे प्रश्न विचारायचा की नुसता नमस्कार करायचा, तेवढं सांगा." त्यांच्या मते ते स्वतःशी बोलले होते. कुलगुरूंनी भाषण आवरतं घेतलं.

यावरून सर नव्याच्या विरुद्ध होते असा समज होऊ नये. महिनाभरात ते त्या यंत्रावर विद्यार्थ्यांच्या बरोबरीनं आकडेमोड करू लागले. चप्पल बाहेर काढून.

आणि ते कुठल्या गटाचे होते असंही नव्हतं. खुल्या बाजारपेठेचे एक कट्टर समर्थक एकदा व्याख्यानाला आले होते. सरांना त्यांचं काहीच पटत नसे. सरांच्या लाडक्या विद्यार्थ्यांनी हे हेरलं आणि गुरूवरच्या प्रेमापोटी सभागृहाचं दार अडवून बसले. घोषणा सुरू झाल्या. सर आले, पोरांच्या म्होरक्याला दंडाला धरून उठवलं आणि म्हणाले, "आत चल."

"सर, पण तो सगळं विकायला निघालाय!"

"मग काय भावानं विकतोय ते तरी ऐक. न ऐकता भांडायचं तर नळावर जा."

पोरं आत आली, बसली. व्याख्यान झाल्यावर सरांनी इतके टोकदार प्रश्न विचारले की पाहुण्यांनी दोनदा पाणी मागवलं. नंतर चहाच्या वेळी सरांनी त्यांच्या हातावर फुटाणे ठेवले आणि सांगितलं, "तुमचा दुसरा मुद्दा बरोबर होता. मला तो सुचला नव्हता." पाहुणे ओशाळले की सुखावले, ते कळलं नाही.

हे सगळं चाललं होतं तोवर सरांकडे लोकांनी एक वल्ली म्हणून पाहिलं. वल्ली माणसाचा संस्थेला त्रास नसतो, उलट पाहुण्यांना दाखवता येतो. अडचण सुरू झाली ती सरांच्या मार्गदर्शनाखालच्या सुनंदा कुदळेच्या प्रबंधापासून.

सुनंदा शहरालगतच्या एका गावातली. लोणी काळभोरकडच्या एका महाविद्यालयात शिकवायची, तेही दरवर्षी नव्यानं मिळणाऱ्या तात्पुरत्या नेमणुकीवर. पीएच.डी. झाली तर कायम होणार, नाही तर पुढच्या जूनमध्ये तिच्या जागी दुसरं कुणी. घरी दोन मुलं आणि नवऱ्याचा पेंट्सच्या दुकानात वाटा. तिनं विषय घेतला तो आपल्याच गावाचा. माहिती तंत्रज्ञानाच्या नगरासाठी गावाची जमीन गेली, ती कशी गेली आणि नंतर माणसांचं काय झालं. पहिली तीन प्रकरणं कुणाच्याही डोळ्यांवर आली नसती. चौथ्यात तिनं एवढंच मांडलं होतं की प्रकल्प जाहीर व्हायच्या बऱ्याच आधी काही ठरावीक मंडळींनी ती माळरानं गावकऱ्यांकडून मातीमोल भावानं विकत घेतली होती. ही मंडळी कुणाच्या जवळची, हे तिनं लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. ते तिथून निवडून आलेल्या मंत्र्यांचे कोण लागतात, हे तालुक्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मुंबईहून मंत्रालयातले एक अधिकारी 'सहज' आले. सहज आलेल्या अधिकाऱ्यासाठी कुलगुरूंकडे काजू निघाले. वडके सरांना बोलावणं गेलं. मी एका चर्चासत्राच्या परवानगीसाठी बाहेरच्या बाकावर ताटकळत होतो, पण मी नसतो तरी पुढचं संभाषण मला घरी ऐकू आलं असतं.

आतून अधिकाऱ्यांचा नुसता गुणगुणाट येत होता. सरांचं बोलणं मात्र शब्द न् शब्द येत होतं.

"अकाली? अकाली कसं? जमीन गेली, इमारत झाली, काचासुद्धा बसल्या!"

गुणगुण.

"साहेबांची हरकत नाही, मग कुणाची आहे?"

गुणगुण. मध्ये कुलगुरूंचा आवाज आला, "वडके, जरा हळू."

"हळू कशाला? आपण काय चोरी करतोय? म्हणजे चौथं प्रकरण काढलं तर पदवी लगेच, आणि ठेवलं तर विभागाच्या दोन जागा भरायच्या नाहीत. असंच ना? मी नीट समजून घेतोय."

बाहेर टंकलेखनाची यंत्रं थांबली होती. दार उघडून सर बाहेर आले, मला पाहून थांबले आणि म्हणाले, "ते म्हणाले, हे आपल्यातच राहू द्या." संध्याकाळपर्यंत ही गोष्ट आपल्यात, म्हणजे आवारातल्या सगळ्यांत, होती.

आता उघड नाही म्हणणं कुणालाच शक्य नव्हतं. पण संस्था शहाण्या असतात. पीएच.डी.ची तोंडी परीक्षा बाहेरच्या परीक्षकाशिवाय होत नाही. त्यासाठी नेमलेल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकांनी प्रबंध वाचून उत्तम अहवाल पाठवला होता. परीक्षेची तारीख ठरली आणि ते आजारी पडले. दुसरी ठरली, पुन्हा आजारी पडले. कुलसचिव दुःखी चेहऱ्यानं म्हणाले, "प्रकृतीपुढे कुणाचं चालतं?"

"खरंय," सर म्हणाले. "बघायला जायला हवं."

आजारी माणसाला बघायला जायचं ही आपल्याकडची साधी रीत. तिच्यात कुणाला वावगं दिसत नाही. रविवारी सकाळच्या एसटीनं सर निघाले, सुनंदा निघाली, आणि मंडईतून घेतलेली मोसंब्यांची पिशवी धरायला मला घेतलं.

परीक्षक कॉलनीतल्या घरासमोर स्कूटरला फडकं मारत होते. गंजीफ्रॉकवर, घाम गाळत. चेहरा तांबूस आणि तुकतुकीत. सरांनी फाटकातूनच आवाज दिला, "अहो, अहो! उठलात कशाला? झोपा आधी! इतकं दुखणं अंगावर काढू नये!"

शेजारच्या दोन गच्च्यांवर माणसं आली. "काय झालं हो सरांना?" एका बाईंनी विचारलं.

"महिनाभर अंथरुणाला खिळलेत," वडके सर म्हणाले. "तुम्हाला माहीत नाही?"

परीक्षकांची पत्नी पदराला हात पुसत बाहेर आली. "कोण खिळलंय? हे? काल तर लग्नात तीन वेळा जिलबी घेतली यांनी."

आम्ही आत जाऊन बसलो. मग त्या गृहस्थांनी खरं ते सांगितलं. त्यांचा मुलगा सरकारी महाविद्यालयात नोकरीला होता. मंत्रालयातून फोन आला होता. बदली होईल असं नव्हतं म्हटलं, फक्त गडचिरोलीची हवा चांगली आहे असं म्हटलं होतं.

सर इतका वेळ गप्प बसलेले मी प्रथमच पाहिले. मग ते म्हणाले, "भीती वाटते तर तसं कळवा. मी तुम्हाला दोष देणार नाही. दुसरा परीक्षक मागता येईल. पण आजार सांगू नका हो. आजार म्हटलं की माणसं बरं होण्याची वाट बघत बसतात. हिच्याकडे तेवढा वेळ नाही."

सुनंदा खुर्चीच्या कडेवर बसली होती. ती म्हणाली, "सर, तुम्ही अहवालात लिहिलंय की काम चांगलं हाय. मला दुसरं काही नको. तेवढंच येऊन तोंडानं बोला. आणि नसंल चांगलं, तर तसं बोला."

परीक्षकांनी पत्नीकडे पाहिलं. ती माउली म्हणाली, "जाऊन या. मोसंबी मी खाते."

तोंडी परीक्षा खुली असते. सूचना फलकावर लागते आणि कुणीही येऊन बसू शकतो, प्रश्न विचारू शकतो. प्रत्यक्षात उमेदवाराचे नातेवाईक येतात, तेही सामोशांच्या वेळेला. त्या दिवशी मात्र खोली भरून माणसं व्हरांड्यात उभी होती. सरांनी कुणालाही निमंत्रण दिलं नव्हतं. आठवडाभर ते कॉरिडॉरमध्ये फक्त वेळेबद्दल चौकशी करत होते.

मार्गदर्शकानं त्या वेळी बोलायचं नसतं, असा नियम आहे. सर तोंड मिटून, खुर्चीचे हात गच्च धरून बसले होते. परीक्षकांनी आपले प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली. मग सफारीतले एक अनोळखी गृहस्थ उठले. ओळख सांगितली नाही. म्हणाले, "चौथं प्रकरण एकतर्फी आहे. शासनाची बदनामी आहे."

सुनंदानं प्रबंध उघडून समोर धरला. "पान सांगा, साहेब."

"पान असं नाही. एकूणच."

"एकूणच ह्या नावाचं पान नाही यात."

लोक हसले. गृहस्थ काही क्षण उभे राहिले, मग बसले, मग उठून गेले. मला वाटलं, संपलं. सरांच्या चेहऱ्यावर मात्र विशेष काही दिसलं नाही.

तेवढ्यात मागून एक वयस्क, टोपी घातलेले गृहस्थ उभे राहिले. सुनंदाच्या गावचेच, तिचे लांबचे चुलते. म्हणाले, "पोरी, तू लिवलंयस का आमाला फसवलं. आता मला सांग, मी काय कुक्कुलं बाळ हाय का? माळावर कुसळं उगवत हुती. पोराला टेम्पो पायजे हुता. मी राजीखुशीनं इकली. नंतर भाव कळला तवा वाईट वाटलं, पर आमी येडे नव्हतो. तसं लिवू नगं."

सुनंदाचा चेहरा उतरला. हा मुद्दा कुणी शिकवून पाठवलेला नव्हता, हे तिलाही कळलं. ती पानं चाळत राहिली, मग म्हणाली, "बरोबर हाय, आप्पा. तुम्ही मला हे तेव्हाही सांगितलं होतं. मी एका ओळीत उरकलंय. जास्त लिहायला पाहिजे होतं."

परीक्षकांनी तशी दुरुस्ती सुचवली आणि पदवीची शिफारस केली. बाहेर आल्यावर लोक सरांना त्या सफारीवाल्याबद्दल टाळ्या देत होते. सर त्यांना बाजूला सारून आप्पांपाशी गेले आणि म्हणाले, "आज परीक्षा तुम्ही घेतलीत. सामोसा खाल्ल्याशिवाय जायचं नाही." सरांना मी इतकं खुशीत क्वचितच पाहिलं.

याची जी किंमत पडायची ती पडली. विभागातल्या दोन जागा भरल्या गेल्या नाहीत. नवं अभ्यासकेंद्र सरांच्या हाती येणार होतं, ते दुसरीकडे गेलं. निवृत्तीच्या दिवशी निरोपसमारंभ होता, पण कुलगुरूंना अचानक दिल्लीला जावं लागलं. सर म्हणाले, "बरं झालं. शाल वाचली." आणि लूनावरून घरी गेले.

निवृत्त झाले तरी ते रोज येत राहिले, कारण सुनंदाच्या पदवीची अधिसूचना निघाली नव्हती. 'तांत्रिक कारण' असं उत्तर मिळे. महाविद्यालयानं तिला सांगितलं होतं, जूनपर्यंत कागद दाखवा, नाही तर आमचा नाइलाज आहे. सर परीक्षा विभागाच्या दाराशी उभे राहत आणि आतल्या अधिकाऱ्यांना विचारत, "अधिसूचनेची तब्येत कशी आहे? बघायला येऊ का? मोसंबी आणतो." मोसंब्यांची गोष्ट तोवर सगळ्यांना ठाऊक झाली होती. कारकून फायलीत तोंड घालून हसत. काही आठवडे हे चाललं. शेवटी हसण्याला कंटाळून असो की खरंच तंत्र दुरुस्त होऊन असो, मे महिन्यात अधिसूचना निघाली. सुनंदा कायम झाली.

मी सरांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या पदवीदान समारंभात. पुढे ते मुलीकडे बंगळुरूला गेले आणि तिथेच वारले. समारंभ नेहमीसारखा होता. ब्रिटिश निघून गेले, पण झगे विसरून गेले आणि ते आम्ही अजून वापरतो. पुण्याच्या उन्हात रेशमी झग्यातली मिरवणूक मांडवात शिरली. प्रमुख पाहुणे ते मंत्रीच होते. ज्ञान म्हणजे काय, यावर ते बराच वेळ बोलले. मग पदव्या दिल्या गेल्या.

मी आणि सर मांडवाच्या कडेला उभे होतो. सुनंदा भाड्याचा झगा सावरत आली, पदवी हातात धरून, चेहरा विचित्र झालेला.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही नाही सर. साहेबांनी विचारलं, विषय काय? मी म्हटलं, तुमच्याच मतदारसंघातल्या जमिनी. तर म्हणाले, वा वा, फार छान! मला एक प्रत द्या वाचायला. आणि हसले. त्यांना काही माहीतच नाही, सर. का माहीत असून तसं केलं, कोण जाणे."

"प्रत मागितली?" सर म्हणाले.

मी म्हटलं, "अहो, तसं म्हणायची पद्धत असते."

"मागितली ना? मग द्यायची."

सुनंदा म्हणाली, "सर, जाऊ द्या आता. झालंय सगळं. उगाच कशाला?"

"तुझं झालंय. त्यांचं वाचायचं राहिलंय."

तिच्या पिशवीत काळ्या बांधणीची, सोनेरी अक्षरांची एक प्रत होती. ती तिनं सरांना भेट द्यायला आणली होती, आत दोन ओळी लिहून. सरांनी ती मागून घेतली, दोन ओळींचं पान वाचलं, ते हलकेच सोडवून, घडी घालून खिशात ठेवलं, आणि चालू लागले.

पाहुण्यांच्या चहाच्या तंबूबाहेर भेटायला आलेल्यांची रांग होती. कुणाच्या हातात गुच्छ, कुणाच्या हातात शाल-श्रीफळ, एकाकडे गणपतीची फ्रेम. त्यांच्यामागे सर प्रबंध छातीशी धरून उभे राहिले. बंदोबस्तातल्या पोलिसानं विचारलं, "काका, हे काय आणलंय? सत्काराला?"

"नाही. वाचायला."

पोलिसानं जाडी पाहिली आणि रांगेकडे बोट केलं.

सुनंदा माझ्याशेजारी उभी राहून पाहत होती. दोनदा तिनं तोंड फिरवलं. आमच्या समोरून तिच्या महाविद्यालयाचे अध्यक्ष भला मोठा गुच्छ घेऊन रांगेकडे गेले. तिनं त्यांना पाहिलं, त्यांनी तिला. मग तिनं पदवीची नळी माझ्या हातात दिली, झगा घोट्यांच्या वर उचलला आणि तरातरा जाऊन सरांच्या पुढे उभी राहिली.

"द्या इकडं, सर. माझा हाय तो."

सरांनी प्रबंध तिच्या हातात दिला. रांग पुढे सरकली. ती सरकली, आणि तिच्यामागून रिकाम्या हातांनी वडके सर.